मित्र गेल्यानंतरची मैत्री

रमजानच्या दहाव्या तारखेला अनेक ठिकाणी हजरत खदिजा (रजि.) यांचे स्मरण केले जाते. हिजरतच्या सुमारे ३ वर्षे आधी, इ.स. ६१९ च्या सुमारास, याच तारखेला मक्केत त्यांचे निधन झाले अशी परंपरा आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या त्या पहिल्या पत्नी. त्याच सुमारास चुलते अबू तालिबही गेले आणि ते वर्ष इतिहासात दुःखाचे वर्ष म्हणून नोंदले गेले. एवढे बयानांतून दरवर्षी ऐकायला मिळते. पुढचा भाग मात्र बहुधा घाईत उरकला जातो. खदिजा (रजि.) यांना जाऊन वर्षे लोटल्यावरही, घरात बकरी जिबह झाली की प्रेषित त्यातला वाटा खदिजांच्या मैत्रिणींच्या घरी पाठवीत. हे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे, आणि आपल्याला त्याचा हेवा वाटे, हेही त्यांनी लपवले नाही.

मटणाचा एक वाटा, एवढीच ती आठवण. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलणे वेगळे आणि त्याच्या माणसांशी त्याने जोडलेले नाते पुढे चालवणे वेगळे. आज पहिली गोष्ट फार वाढली आहे. मित्र गेला की तासाभरात त्याच्यासोबतचा फोटो मोबाइलच्या स्टेटसवर येतो, दुसऱ्या दिवशी चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो आणि त्यावर गेलेल्याच्या एका फोटोभोवती हयात असलेल्या पंधरा जणांचे फोटो असतात. ज्याने लिहिले त्याचे दुःख खोटे असते असे नाही. पण २४ तासांनी स्टेटस आपोआप पुसले जाते आणि मैत्रीही अनेकदा तिथेच संपते.

शब्दांना किंमत नाही, असे मात्र इस्लाम म्हणत नाही. उलट फार मोठी किंमत आहे. हदीसमध्ये एक प्रसंग येतो. एक जनाजा जवळून गेला, लोकांनी त्या माणसाची स्तुती केली. दुसरा गेला, लोकांनी त्याच्याबद्दल वाईट सांगितले. दोन्ही वेळा प्रेषितांनी एकच शब्द उच्चारला: ठरले. विचारल्यावर त्यांनी उलगडा केला की पहिल्यासाठी जन्नत ठरली आणि दुसऱ्यासाठी दोजख, कारण लोक हे पृथ्वीवर अल्लाहचे साक्षीदार आहेत. मित्राबद्दल जे बोलले जाते ती साक्ष ठरते. आणि साक्ष द्यायची तर ती खरी असली पाहिजे.

खरी म्हणजे कशी, याचा एक सुंदर नमुना उर्दूत आहे. मिर्झा गालिब १८६९ साली वारले. त्यांचे शागीर्द अल्ताफ हुसेन हाली यांनी १८९७ साली ‘यादगार-ए-गालिब’ हे पुस्तक लिहिले. हाली धार्मिक वृत्तीचे, गालिब तसे नव्हते. हालींना आपल्या उस्तादाला कागदावर सूफी-संत करून टाकता आले असते. मृत्यूनंतर असे करणारे पुष्कळ भेटतात. हालींनी ते केले नाही. रमजान संपल्यावर बादशहा बहादूरशाह जफर यांनी किती रोजे ठेवले असे विचारले, तेव्हा गालिबने असे उत्तर दिले की एकच रोजा सुटला असाही अर्थ निघावा आणि एकही ठेवला नाही असाही. हा किस्सा हालींनी नोंदवला आहे. वाचणाऱ्याला हसू येते आणि माणूस समोर उभा राहतो. मृतांना शिव्या देऊ नका, ही प्रेषितांची ताकीद आहेच. पण दोष उगाळणे वेगळे आणि माणूस जसा होता तसा आठवणे वेगळे. ज्याची चिडचिड, उधारी, चहाचे वेड, नमाजेला उशिरा पोहोचण्याची सवय कुणालाच आठवत नाही, तो मित्र होता की फक्त ओळखीचा, असा प्रश्न पडतो.

उधारीचा विषय निघालाच आहे तर तो टाळू नये. पैशापाशी आले की मैत्रीच्या गप्पा थांबतात.

प्रेषितांसमोर जनाजा आणला गेला की ते विचारीत, याच्यावर कर्ज आहे का? एकदा उत्तर आले, आहे. काही दीनारांचे आहे आणि फेडायला मागे काही ठेवलेले नाही. प्रेषितांनी सोबत्यांना सांगितले की तुम्हीच याची नमाज पढा. तेव्हा हजरत अबू कतादा (रजि.) पुढे आले आणि म्हणाले, ते कर्ज माझ्यावर. मग प्रेषितांनी नमाज पढवली. अबू कतादांनी त्या वेळी मृताच्या गुणांवर भाषण केल्याची नोंद नाही. तेवढे एक वाक्य पुरले.

आजही अनेक कबरस्तानांत दफनापूर्वी घरातला कोणी उभा राहून सांगतो की मरहूमवर कुणाचे देणे असेल तर आम्हाला भेटा. चांगली प्रथा आहे. पण याची दुसरी बाजू कुणी पुकारत नाही. मरहूमचे ज्यांच्याकडे येणे होते, त्यांचे काय? मित्रामित्रांत लिखापढी नसते. गॅरेज टाकताना दिलेले वीस हजार, बहिणीच्या लग्नात दिलेला हातउसना पैसा, भिशीचा भरलेला हप्ता, हे सगळे दोघांनाच माहीत असते आणि त्यातला एक गेलेला असतो. बायकोला त्याने सांगितलेले नसते, कारण मित्राची अडचण घरात सांगायची नाही ही त्याची रीत. दुसऱ्याने गप्प राहायचे ठरवले तर जगात कुणालाही कळणार नाही. कुरआनमधील सर्वांत लांब आयत नमाज-रोजाबद्दल नाही, ती कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. आणि वारशाच्या आयतींमध्ये कर्ज आणि वसीयत आधी, वाटणी नंतर, असे पुन्हा पुन्हा येते. गेलेल्याचा पैसा आता त्याच्या वारसांचा आहे, बहुतेक वेळा एका बेवेचा आणि यतीम मुलांचा. तो दाबून ठेवून स्टेटसवर ‘जिगरी दोस्त’ लिहिणे याला काय म्हणायचे ते वाचकांनीच ठरवावे.

मग येते इद्दत. नवरा गेल्यावर पत्नीची इद्दत ४ महिने १० दिवसांची. या काळात मित्रांनी घरी जाणे बंद होते, ते समजण्यासारखे आहे. अडचण पुढे होते. इद्दत संपते, पण बंद झालेला दरवाजा पुन्हा उघडत नाही. तो होता तेव्हा भाभीच्या हातची बिर्याणी हक्काने मागणारे आता गल्लीतून जाताना मान खाली घालतात. लोक काय म्हणतील, ही भीती खोटी नाही. पण त्याला उपाय आहे आणि तो घरातच आहे. मित्राच्या पत्नीने जावे, आईने जावे, मुलांना घेऊन जावे. हे काम पुरुषांच्या मैत्रीत मोडत नाही असे समजून बायकांना बाजूला ठेवले गेले, म्हणून अशी कितीतरी घरे तुटली. खदिजांच्या मैत्रिणींकडे जाणारा वाटा ही बायकांच्याच मैत्रीची आठवण होती.

हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांची गोष्ट तर याहून पुढची आहे. मक्केच्या वाटेवर त्यांना एक खेडवळ अरब भेटला. त्यांनी आपल्या बसण्याचे गाढव त्याला दिले आणि डोक्याची पगडीही दिली. सोबतचे म्हणाले, हे वाळवंटातले लोक, थोडक्यातही खूश होतात. इब्न उमर यांनी सांगितले की याचा बाप माझ्या वडिलांचा मित्र होता, आणि वडिलांच्या मित्रांच्या घरच्यांशी नाते राखणे ही वडिलांशी केलेली मोठी नेकी आहे, असे प्रेषितांकडून आपण ऐकले आहे. म्हणजे मैत्री दुसऱ्या पिढीतही उतरते, आणि तीही वाटेत अचानक भेटलेल्या माणसापर्यंत. तो मित्र कोणत्या धर्माचा, हा प्रश्न महाराष्ट्रात तरी मध्ये येऊ नये. ज्याच्या घरून दिवाळीचा फराळ वर्षानुवर्षे आला, त्याच्या मागे राहिलेल्या घरी ईदचा शिरखुर्मा यंदाही गेला पाहिजे, डबा परत येवो न येवो.

रमजानमध्ये जकातीचे हिशेब होतात, याद्या निघतात. गेलेल्या मित्राचे कुटुंब जकातीला पात्र असेल तर त्याला रांगेत उभे करण्याची गरज नाही. देणाऱ्याची नियत पुरते, हे जकातीचे आहे असे घेणाऱ्याला सांगावे लागत नाही, असे उलेमा सांगतात. मुलांच्या शाळेची फी भरता येते का, दुकानाचे भाडे थकले आहे का, हे विचारायला मात्र आधी घरी जावे लागते. देण्यासारखे काही नसेल तर इफ्तारला एक ताट जास्त लावून त्याच्या मुलाला बोलवावे. वडील लहानपणी कसे होते, रोजा असताना कुठल्या विहिरीत पोहायला जात, कुणाच्या बागेतले आंबे पाडत, हे त्या मुलाला सांगू शकणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.

ईदला अजून दिवस आहेत. शेवया आणायच्या यादीत अर्धा किलो जास्त लिहायला वेळ आहे.