समजून घ्या : ‘यूकेला गेला’ म्हणजे नेमका कुठे? कोव्हेंट्री-लेस्टरमध्ये राहणं सोपं, कर्ज फेडणं अवघड

शिरूर किंवा दौंडमध्ये एखाद्याचा मुलगा ‘यूकेला गेला’ म्हटलं की पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. विचारलाच, तर ‘लंडनच्या जवळ’ असं उत्तर मिळतं. स्टेटसला लाल डबलडेकर आणि थेम्सवरचा पूल असतो. प्रत्यक्षात एक वर्षाची एमएस्सी करायला गेलेला मुलगा बऱ्याचदा कोव्हेंट्री, लेस्टर, डर्बी, हल नाहीतर सन्डरलँडमध्ये असतो. तिथून लंडन दीडशे ते चारशे किलोमीटरवर. फोटो पहिल्या महिन्यात एकदा जाऊन काढलेले.

यात लपवण्यासारखं काही नाही. ही शहरं राहायला चांगली आहेत, काही बाबतीत लंडनपेक्षाही. गल्लत होते ती पुढे. राहायला चांगलं शहर आणि ३० लाखांचं कर्ज फेडता येईल असं शहर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एजंटच्या ऑफिसात त्या एकच असल्यासारख्या सांगितल्या जातात.

केवढं असतं हे शहर?

कोव्हेंट्रीचं उदाहरण घेऊ. २०२१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या सुमारे ३ लाख ४५ हजार होती, लेस्टरची ३ लाख ६८ हजार. म्हणजे साधारण आपल्या शेजारच्या अहिल्यानगर शहराएवढी. २०११ च्या जनगणनेतलं नगर साडेतीन लाखांचं होतं. इंग्लंडमध्ये एवढं शहर मध्यम धरलं जातं.

कोव्हेंट्री हे मुळात कारखान्यांचं गाव. आधी सायकली, मग मोटारी. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी शहराचा मध्यभाग बेचिराख केला. जुन्या कॅथेड्रलच्या उघड्या भिंती आजही तशाच ठेवल्या आहेत आणि त्याला लागून १९६२ मध्ये नवं कॅथेड्रल उभं राहिलं. युद्धानंतर शहर नव्याने आखताना मधली बाजारपेठ पायी चालणाऱ्यांसाठी राखून ठेवली. भारतीय तिथे आज पोहोचलेले नाहीत. पंजाबी कामगारांनी इंडियन वर्कर्स असोसिएशनची सुरुवात १९३८ मध्ये याच शहरात केली.

रांजणगाव एमआयडीसीत काम केलेल्या माणसाला कोव्हेंट्री लवकर कळेल. टाटांनी २००८ मध्ये घेतलेल्या जग्वार लँड रोव्हरचं मुख्यालय तिथे आहे. जग्वारचा ब्राउन्स लेनचा जुना कारखाना मात्र २००५ मध्ये बंद झाला आणि शेजारच्या रायटनचा प्यूजोचा प्लांट त्याच्या पुढच्या वर्षी. आता शहराच्या मध्यभागी मोठा व्यवसाय दिसतो तो विद्यापीठाचा. कोव्हेंट्री युनिव्हर्सिटी ऐन गावात, तर वॉरिक युनिव्हर्सिटी गावाच्या टोकाला. (वॉरिक नावाचं गाव वेगळंच आहे. विद्यापीठ तिथे नाही. उलट कोव्हेंट्री युनिव्हर्सिटीचा एक कॅम्पस लंडनमध्ये आहे. ऑफर लेटरवरचा पत्ता नीट वाचावा.)

रोजचं जगणं कसं?

पहिल्या महिन्यात लक्षात राहतो तो फुटपाथ. तो सलग असतो, त्यावर टपरी नसते, दुचाकी लावलेली नसते. चौकात बटण दाबलं की गाडी थांबते. अशा शहरात कॉलेज, दुकान, स्टेशन, लायब्ररी बऱ्याचदा पायी गाठता येतात. लायब्ररीचं कार्ड फुकट असतं आणि तिथे दिवसभर बसलं तरी कुणी उठवत नाही. थंडीत याला फार किंमत आहे, कारण तेवढा वेळ घरातला हीटर बंद ठेवता येतो.

बसचं एकेरी तिकीट इंग्लंडभर बहुतेक मार्गांवर जास्तीत जास्त ३ पौंड आहे. ही सरकारी मर्यादा मार्च २०२७ पर्यंत आहे. पौंड १२० रुपये धरला तर एका फेरीला ३६० रुपये. म्हणून मुलं पास काढतात किंवा चालतात.

घर म्हणजे विटांचं, एकाला एक चिकटलेल्या रांगेतलं, वर-खाली मिळून चार-पाच खोल्यांचं. खोली एकाची, स्वयंपाकघर आणि बाथरूम सगळ्यांचं. खोलीचं भाडं अशा शहरांत साधारण ५०० ते ६५० पौंड. लंडनमध्ये एवढ्यात धड खोली मिळणं कठीण. जुन्या घरांत ओल आणि भिंतीवर काळी बुरशी ही नेहमीची तक्रार. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो. घोड आणि भीमेच्या काठच्या उन्हात वाढलेल्या मुलाला हा अंधार थंडीपेक्षा जास्त त्रास देतो. जूनमध्ये उलट, रात्री साडेनऊलाही उजेड असतो.

खाण्याचे हाल होत नाहीत. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर किंवा कोव्हेंट्रीच्या फोल्सहिल रोडवर डाळी, पीठ, मसाले सगळं मिळतं. लेस्टरमध्ये गुजराती दुकानांमुळे ज्वारीचं पीठसुद्धा. फक्त घड्याळ बघून जावं लागतं. मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी ठेवायची, असा १९९४ चा कायदा आहे. एरवीही संध्याकाळी सहानंतर मधला बाजार सुनसान होतो. रात्री दहाला चहा प्यायला बाहेर पडायची सवय असलेल्यांना ते शहर मेल्यासारखं वाटतं.

आजारपणाचं गणितही वेगळं. व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य सरचार्ज भरलेला असतो, त्यामुळे डॉक्टरच्या तपासणीचे पैसे द्यावे लागत नाहीत. मात्र आधी भागातल्या दवाखान्यात नाव नोंदवावं लागतं आणि साध्या दुखण्याला काही दिवसांनंतरची वेळ मिळू शकते. शिरूरमध्ये ताप आला की संध्याकाळी ओपीडीत नंबर लागतो, तसं तिथे नाही. दाताचं दुखणं तर निघण्याआधी इथेच उरकून जावं.

सगळं चकाचक आहे का?

नाही. इंग्लंडमधल्या नगरपालिका पैशाने खंगल्या आहेत. बर्मिंगहॅमने सप्टेंबर २०२३ मध्ये आणि नॉटिंगहॅमने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, खर्च भागवता येत नाही अशी अधिकृत नोटीस काढली. बर्मिंगहॅममध्ये २०२५ साली कचरा कर्मचाऱ्यांचा संप महिनोन्महिने चालला आणि रस्त्यांवर काळ्या पिशव्यांचे ढीग साचले. कोव्हेंट्रीनेही २०२२ मध्ये कचरागाडी चालकांचा असाच लांबलेला संप पाहिला. दौंडची घंटागाडी चुकली म्हणून चिडणाऱ्याने हेही माहीत करून घ्यावं.

दुसरी गोष्ट पालक विचारतात आणि मुलं टाळतात. जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये स्थलांतरितांविरुद्ध दंगली झाल्या. त्या हल, सन्डरलँड, मिडल्सब्रो अशा मध्यम आकाराच्या आणि कारखाने गेलेल्या गावांतही पेटल्या. लेस्टरमध्ये २०२२ च्या सप्टेंबरात हिंदू आणि मुस्लिम तरुणांच्या गटांत तणाव झाला होता. एरवीचे दिवस शांत असतात, शेजारी ‘मॉर्निंग’ म्हणतो. पण ‘तिकडे काहीच होत नाही’ हे म्हणणं खोटं आहे.

मग अडचण कुठे? हिशोबात

खर्च मांडून पाहू. साधारण विद्यापीठाची फी १७ हजार पौंड धरू. वॉरिकसारख्या ठिकाणी ती बरीच जास्त. लंडनबाहेर राहण्यासाठी महिन्याला १,१७१ पौंड लागतात असं व्हिसाचा नियम म्हणतो, आणि ९ महिन्यांचे १०,५३९ पौंड खात्यात सलग २८ दिवस दाखवावे लागतात. एक वर्षाच्या कोर्सला सरचार्ज १,१६४ पौंड. बेरीज २८,७०३. म्हणजे १२० च्या दराने ३४ लाखांच्या वर, विमानभाडं आणि व्हिसाची फी सोडून.

इथे एक खेळ नेहमी होतो. २८ दिवसांसाठी पाहुण्यांकडून, पतसंस्थेकडून पैसे फिरवून आणायचे, खात्यात दाखवायचे आणि व्हिसा आला की परत करायचे. व्हिसा मिळतो. पण ते पैसे केवळ दाखवण्यासाठी नसतात, मुलाच्या जेवणाचे आणि भाड्याचे असतात. ‘तिकडे पार्टटाइम करून काढेल’ असं म्हटलं जातं, म्हणून तोही हिशोब करू.

विद्यार्थ्याला कोर्स सुरू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. २१ वर्षांवरील व्यक्तीचं किमान वेतन एप्रिल २०२६ पासून तासाला १२.७१ पौंड आहे. सगळे २० तास, वर्षातले सगळे आठवडे मिळाले तरी महिन्याला साधारण १,१०० पौंड होतात. सरकारनेच सांगितलेल्या राहण्याच्या खर्चापेक्षा हे ७० पौंडांनी कमी. आणि मध्यम शहरात दर आठवड्याला ठरलेले २० तास मिळत नाहीत. दोन विद्यापीठांची हजारो मुलं त्याच गोदामांत, त्याच कॅफेंत काम मागत असतात. पार्टटाइममधून फी निघेल असं जो सांगतो, त्याने हा गुणाकार केलेला नाही किंवा करून लपवलेला आहे.

आता कर्ज. ३० लाख, ११ टक्के व्याज, १० वर्षं. हप्ता बसतो ४१ हजार रुपयांच्या वर, म्हणजे साधारण ३४५ पौंड. शिक्षण संपल्यावर तिथेच गोदामात किमान वेतनावर आठवड्याला साडेसदतीस तास काम केलं तर वर्षाला सुमारे २४,८०० पौंड मिळतात. कर जाऊन हातात महिन्याला १,७८० च्या आसपास. आणि तिथून पुढे विद्यार्थ्याला असलेली कौन्सिल टॅक्सची, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टीची, सूट संपते. तरीही काटकसर केली तर मध्यम शहरात यातून हप्ता निघतो. लंडनच्या भाड्यात निघाला नसता. इथपर्यंत एजंटचं म्हणणं खरं आहे.

पोट भरतं, व्हिसा मिळत नाही

अडतं ते यापुढे. शिक्षणानंतर नोकरी शोधायला मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा संपला की कंपनीने पुरस्कृत केलेला स्किल्ड वर्कर व्हिसा लागतो. २२ जुलै २०२५ पासून त्यासाठी वार्षिक पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंड आहे. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांना सवलत आहे, तरी किमान ३३,४०० पौंड लागतातच. नोकरीही पदवीच्या दर्जाची हवी. गोदाम त्यात बसत नाही. म्हणजे २४,८०० पौंडांच्या ज्या कामावर मुलगा नीट जगतोय आणि घरी हप्ताही पाठवतोय, त्याच कामावर त्याला तिथे राहता येत नाही.

३३,४०० ची आणि व्हिसा पुरस्कृत करणारी नोकरी लंडनमध्ये जास्त, कोव्हेंट्रीत कमी, सन्डरलँडमध्ये त्याहून कमी. शिवाय मध्यम शहराचा जीव एक-दोन कंपन्यांत अडकलेला असतो. जग्वार लँड रोव्हरवर २०२५ च्या ऑगस्टअखेर सायबर हल्ला झाला, उत्पादन महिनाभराहून जास्त थांबलं आणि आसपासच्या छोट्या पुरवठादारांची इतकी कोंडी झाली की ब्रिटिश सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाची हमी द्यावी लागली. त्या महिन्यात त्या पट्ट्यात नोकरी शोधणाऱ्या नवख्या मेकॅनिकल इंजिनीअरची अवस्था काय असेल, हे रांजणगाव किंवा कुरकुंभमधल्या कंत्राटी कामगाराला सांगायला नको.

एके काळी इंग्रज याच भागात आले होते. घोडनदीला त्यांची छावणी होती, दौंड जंक्शन त्यांच्या रेल्वेने मोठं केलं. ते आले तेव्हा पगार ठरलेला होता. आपली मुलं सातबारावर बोजा चढवून निघतात.

याचा अर्थ जाऊच नये असा नाही. पण शहर निवडताना फीबरोबर तासाभराच्या ट्रेनच्या टप्प्यात काय आहे ते बघणं फायद्याचं. दौंडकरांना हे वेगळं सांगायला नको, रोज ७५ किलोमीटरवरच्या पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्यांवरच हे गाव चालतं. कोव्हेंट्रीहून बर्मिंगहॅम अर्ध्या तासाच्या आत आणि लंडन तासाभरात आहे. लेस्टरहून लंडनला तासापेक्षा थोडं जास्त लागतं. राहणं स्वस्त शहरात आणि नोकरी मोठ्या शहरात हे तिथून जमू शकतं. हल किंवा सन्डरलँडहून लंडन रोजचं नाही. तिथली फी थोडी कमी असते, ती का, याचं उत्तर बरंचसं नकाशात मिळतं.

तारीख लक्षात ठेवा

ग्रॅज्युएट व्हिसा आजवर २ वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळेल, पीएचडीवाल्यांना मात्र ३ वर्षं कायम आहेत. अट कोर्स सुरू झाल्याच्या तारखेला लागत नाही, व्हिसाच्या अर्जाच्या तारखेला लागते. म्हणजे सप्टेंबर २०२६ ला एक वर्षाच्या एमएस्सीला बसणारा मुलगा २०२७ च्या शेवटी अर्ज करेल आणि त्याच्याकडे ३३,४०० ची नोकरी शोधायला साधारण २०२९ च्या उन्हाळ्यापर्यंतचा वेळ असेल. जानेवारी २०२४ पासून अशा कोर्सला पती-पत्नीला बरोबर नेता येत नाही, तेव्हा घर चालवायला दुसरा पगारही नाही. ‘दोन वर्षांचा वर्क व्हिसा’ असं अजूनही छापलेलं माहितीपत्रक कुणाच्या हाती पडलं, तर ते जुनं आहे.