परदेशी सहलीचाही जमाखर्च मांडावा

तांदळाचे एक पोते घ्यायचे असले तरी आपला दुकानदार मूठभर दाणे हातावर घेऊन पाहतो, एखादा दाणा दाताखाली फोडतो आणि मगच भाव बोलतो. तोच दुकानदार चार-पाच वर्षांची बचत खर्चून कुटुंबाला परदेशी सहलीला नेतो, तेव्हा मात्र एका रंगीत माहितीपत्रकावर विश्वासून निम्मी रक्कम भरून मोकळा होतो. हे आम्हाला व्यापारी बाण्याला शोभणारे वाटत नाही. सहल हा चैनीचा खर्च असेल, पण तो खर्च आहे. आणि प्रत्येक खर्चाला हिशेब असतो.

उदाहरणासाठी आम्ही केनिया हा देश घेतो. मुंबईहून नैरोबीला सुमारे सहा तासांचा थेट विमानप्रवास आहे. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. कोकणातील काही मुस्लिम घराण्यांची मोम्बासा-नैरोबीशी जुनी नातीगोती आहेत. पण बहुतेक वाचकांना हा मुलूख अनोळखीच. तेथील किस्वाहिली भाषा मात्र व्यापाऱ्याच्या कानाला परकी वाटणार नाही. दुकानाला तेथे ‘दुका’ म्हणतात, हिशेबाला ‘हेसाबू’, नफ्याला ‘फाइदा’, तोट्याला ‘हसारा’ आणि विम्याला ‘बीमा’. हिंदी महासागरातील शेकडो वर्षांच्या व्यापाराने अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी शब्दांची ही देवाणघेवाण घडवली. शब्द ओळखीचे आहेत म्हणून देश ओळखीचा झाला, असे मात्र समजू नये.

पहिला प्रश्न मोसमाचा. आपल्याकडे मुलांना सुट्टी एप्रिल-मे महिन्यांत असते. केनियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. मसाई माराच्या कच्च्या वाटा तेव्हा चिखलाने भरतात, गाड्या रुततात, गवत उंच वाढल्यामुळे जनावरे दिसणेही कठीण होते. नेमक्या याच काळात सहलीचे दर उतरतात आणि ग्राहकाला वाटते की सौदा स्वस्तात झाला. माल स्वस्त का मिळतो आहे, हा प्रश्न बाजारात आपण पहिल्यांदा विचारतो. येथे तो कोणी विचारीत नाही.

आमच्या मते महाराष्ट्रातील कुटुंबाला सर्वांत सोयीचा काळ म्हणजे जून महिन्याचा पहिला पंधरवडा. पाऊस ओसरलेला असतो आणि आपल्याकडील बहुतेक शाळा अजून उघडलेल्या नसतात. रानगायींचे प्रसिद्ध कळप टांझानियातून मारात येतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये. ते जूनच्या आरंभी बहुधा दिसणार नाहीत. पण सिंह, हत्ती, जिराफ आणि तरस तेथे बारमाही आहेत. शिवाय पैशाचा फरक पाहा. २०२४ सालापासून मसाई माराचे प्रवेश शुल्क परदेशी प्रौढ पाहुण्यास जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असे ठरले. घरातील तीन प्रौढ माणसे तीन दिवस राहिली, तर जूनमध्ये ९०० डॉलर आणि जुलैत १,८०० डॉलर. केवळ पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने नऊशे डॉलरचा फरक. हे तिकीट बारा तासांचे असते, म्हणून कोणत्या वेळी आत जायचे आणि कधी बाहेर पडायचे, हेही आधी ठरवावे. पैसे भरण्यापूर्वी त्या दिवशीचा दर पुन्हा विचारून घ्यावा हे सांगायला नको.

दुसरा प्रश्न प्रकृतीचा, आणि येथे आम्हाला एका परिचित कापड व्यापाऱ्याची हकीकत सांगावीशी वाटते. त्यांनी घरातील सहा माणसांचे पैसे भरले. त्यात चौसष्ट वर्षांच्या वालिदाही होत्या. खरे म्हणजे सहल त्यांच्यासाठीच होती. पीतज्वराच्या लसीची गोष्ट प्रवासी कंपनीने निघण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी काढली. लसीच्या केंद्रावर डॉक्टरांनी वय आणि जुना आजार पाहून वालिदांना लस देण्यास नकार दिला. पैसे परत मिळण्याची मुदत तोवर संपली होती. वालिदा म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते.” कुटुंब गेले, फिरले, परत आले, पण घरात त्या सहलीचे फोटो आजही कोणी हौसेने काढत नाही.

नियम असा आहे. केनिया हा पीतज्वराचा प्रदेश मानला जातो. तेथून भारतात परतणाऱ्याजवळ लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य ठरते. २०१६ सालापासून ते आयुष्यभर चालते. लस सरकारमान्य ठराविक केंद्रांतच मिळते आणि तेथे नंबर लावावा लागतो. नऊ महिन्यांखालील बाळांना ती सहसा देत नाहीत. साठीपुढील माणसांना प्रथमच द्यायची असेल तर डॉक्टर जपून निर्णय घेतात. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की आगाऊ रक्कम देण्याआधी घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान माणसाला डॉक्टरकडे न्यावे. त्यांचे जाणे जमत नसेल तर देश बदलावा, माणूस नव्हे. हिवतापाच्या गोळ्यांविषयीही त्याच भेटीत विचारावे. मोम्बासाच्या किनाऱ्यावर आणि माराच्या बाजूला त्यांची गरज पडते.

तिसरी बाब कराची. परदेशी सहलीचे पॅकेज घेतले की विक्रेता आपल्याकडून उगमस्थानी कर गोळा करतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढील रकमेवर २० टक्के असा दर होता. १ एप्रिल २०२५ पासून सात लाखांची मर्यादा दहा लाखांवर नेण्यात आली. हे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी चालू दर विचारावा. महत्त्वाचे हे की ही रक्कम बुडीत नाही. ज्याच्या पॅन क्रमांकावर ती भरली गेली, त्याच्या आयकरात ती वळती होते किंवा परत मिळते. त्यासाठी त्याने विवरणपत्र भरलेले हवे. अनेक घरांत बुकिंग धाकट्या भावाच्या किंवा मुलाच्या नावे होते, जो विवरणपत्र भरतच नाही. मग तो पैसा अडकून राहतो. व्यवहार नेहमी विवरणपत्र भरणाऱ्याच्या नावे करावा आणि पावतीवर पॅन बरोबर लिहिला आहे की नाही ते पाहावे.

आता काही बारीकसारीक, पण खिशाला आणि मनाला लागणाऱ्या गोष्टी. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना सुरू केला. तो लहान मुलासह प्रत्येकाला स्वतंत्र काढावा लागतो, आणि सरकारी शुल्क ३० डॉलर ठरले. सरकारी संकेतस्थळासारखे दिसणारे दलाल जास्त पैसे उकळतात, तेव्हा सावध राहावे. ऑगस्ट २०१७ पासून तेथे प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. आपल्या घरी चकली, चप्पल आणि ओले टॉवेल सगळे त्याच पिशव्यांत बांधण्याची पद्धत आहे. या वेळी कापडी पिशव्या शिवून घ्याव्यात. आफ्रिका म्हणजे उकाडा, ही समजूतही अर्धवट आहे. मोम्बासा दमट आणि उष्ण आहे, पण नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर वसले आहे आणि जून ते ऑगस्ट तेथे चांगलीच थंडी पडते. एकाच पेटीत सुती कपडे आणि स्वेटर दोन्ही हवेत.

किस्वाहिली बोलणारा माणूस घड्याळ सकाळी सहापासून मोजतो. त्याचे ‘दोन’ म्हणजे आपले सकाळचे आठ. गाडीवाल्याशी वेळ ठरवताना सकाळ-संध्याकाळ आणि तास लिहूनच घ्यावा. जुन्या छपाईच्या किंवा मळक्या डॉलर नोटा तेथे नाकारल्या जातात. नैरोबी ते मोम्बासा ही २०१७ साली सुरू झालेली रेल्वे पाच-सहा तासांत पोहोचवते, परंतु दोन्ही स्थानके शहराबाहेर आहेत आणि सामानाची तपासणी कसून होते. तास-दीड तास आधी पोहोचावे. हलाल जेवणाची किनाऱ्यावर अडचण नाही, नैरोबीतही ते सहज मिळते. जंगलातील तंबूत मात्र बुकिंगच्या वेळीच लेखी सांगावे लागते.

काही बंधू म्हणतील, हे सर्व पाहणे प्रवासी कंपनीचे काम आहे, त्याचेच तर आपण पैसे मोजतो. हा मुद्दा खोटा नाही. चांगली कंपनी यातले बरेच सांगते. परंतु कंपनीला आपल्या वालिदांचा रक्तदाब माहीत नसतो आणि आपल्या मुलांची शाळा कधी उघडते याच्याशी तिला कर्तव्य नसते. ती आपला माल विकते आहे; माल पारखणे हे घेणाऱ्याचे काम. आडतीवर माल सोपवला म्हणून आपण वजनकाट्याकडे पाठ फिरवत नाही.

आमची सूचना साधी आहे. सहलीच्या सहा महिने आधी एक वही घालावी. पहिल्या पानावर मोसम, दुसऱ्यावर घरातील प्रत्येकाची प्रकृती, तिसऱ्यावर कर आणि शुल्के, चौथ्यावर रद्द केल्यास किती रक्कम कोणत्या तारखेपर्यंत परत मिळेल ते. ही चार पाने भरल्याशिवाय कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये. आणि ती वही रात्री जेवणानंतर सर्वांसमोर वाचावी, वडीलधाऱ्यांसमोर तर अवश्य. कारण आपल्यामुळे इतरांचा खोळंबा नको म्हणून गप्प बसण्याची त्यांना सवय असते.

वर्षभर दुकानात उभे राहून मिळवलेला पैसा घरच्यांच्या आनंदासाठी खर्च व्हावा, याहून चांगला उपयोग आम्हाला दिसत नाही. पण परत आल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर ‘फाइदा’ लिहायचा की ‘हसारा’, हे बहुतांशी निघण्यापूर्वीच ठरलेले असते.