चामड्याचा जीर्णोद्धार

‘जीर्णोद्धार’ हा शब्द मराठीत बहुधा देवळांच्या वाट्याला आला आहे, आणि व्यवहारात त्याचा अर्थ अनेकदा काळ्या पाषाणावर ऑइलपेंट फासणे एवढाच उरतो. तोच शब्द आम्ही येथे एका बॅगेसाठी वापरत आहोत. नामांकित रचनाकाराची जुनी चामडी बॅग विकत घेऊन ती दुरुस्त करावी आणि हिवाळ्यात लोकरी कोटावर मिरवावी, ही न्यूयॉर्कसारख्या थंड शहरांत रुळलेली हौस आहे. तिला नुसती चैन म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. आमच्या मते मात्र जुन्या वस्तूचे नेमके काय जपायचे, हा प्रश्न तेथेही तितक्याच गांभीर्याने उभा राहतो.

‘कोच’च्या जुन्या बॅगांचेच उदाहरण घेऊ. १९४१ साली मॅनहॅटनमध्ये छोटा कारखाना म्हणून सुरू झालेल्या या व्यवसायाचे पुढील काळातील चालक माइल्स कान यांनी बेसबॉलच्या हातमोज्याचे चामडे वापराने मऊ होत जाते हे हेरले आणि त्याच गुणाचे चामडे बॅगांसाठी करून घेतले. १९६२ मध्ये बॉनी कॅशिन या रचनाकार म्हणून तेथे आल्या. बॅग मिटवणारी त्यांची पितळी फिरती कडी मोटारीचे कापडी छत अडकवणाऱ्या कडीवरून सुचलेली आहे. हिवाळी वेशाचाही त्यांनी मुळातून विचार केला होता. एकच जाडजूड कपडा न चढवता हवेप्रमाणे घालता-काढता येतील असे थर, आणि कोटालाच शिवलेले, बटव्यासारखे मिटणारे खिसे, ही त्यांची दृष्टी. वापर आणि शोभा यांत त्यांनी फारकत मानली नाही.

या चामड्यावर रंगाचा जाड लेप नसतो. त्यामुळे ओरखडा, पाणी, हाताचा घाम असे सारे काही त्यावर उमटते. हिवाळ्यात त्याची कसोटीच लागते. बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ पांढऱ्या रेषा सोडते आणि तापवलेल्या घरांतील कोरडी हवा चामड्यातील ओलावा शोषून घेते. जाणकार अशी बिनअस्तराची बॅग कोमट पाण्यात सौम्य साबण घालून धुतात, आत टॉवेल भरून तिला आकार देतात आणि हीटरपासून दूर सावकाश वाळवतात. मग स्निग्ध द्रव्याचा पातळ हात, तो मुरला की दुसरा. नवी कोल्हापुरी चप्पल तेल पाजून मऊ करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

खरा मतभेद यानंतर सुरू होतो. कित्येकांना बॅग ‘नव्यासारखी’ हवी असते. ते फिकटलेल्या कडांवर रंगाचा थर चढवतात, खांद्यावरच्या पट्ट्याचा काळपटपणा पुसून टाकतात. हा आम्हांला ऑइलपेंटचाच प्रकार वाटतो. दुसऱ्या टोकाला, कोरे चामडे कारखान्यातच घासून ‘जुने’ करून विकले जाते. एकीकडे घडलेला काळ लपवला जातो, दुसरीकडे न घडलेला काळ रचला जातो. दोन्ही ठिकाणी वापरणारी व्यक्तीच अनावश्यक ठरते.

अखेर हे नाममुद्रेचेच स्तोम नाही काय, असे कोणी विचारील. आक्षेप अगदीच निराधार नाही. २०२१ पासून ही कंपनी स्वतःच आपल्या जुन्या बॅगा दुरुस्त करून विकू लागली. म्हणजे जुनेपणही बाजाराने आपलेसे केले. तरीही नाव विकत घेता आले म्हणून निगा विकत घेता येत नाही. ती दर हिवाळ्यात पुन्हा करावी लागते.

शिवाय जुन्या बॅगेवरील खुणा परक्या हातांच्या असतात. मग तिला ‘व्यक्तिगत शैली’ म्हणावे कसे? आम्हांला येथे आपल्याकडची गोधडी आठवते. जुन्या लुगड्यांचे विरलेले काठ तिच्यात लपवले जात नाहीत. ते टाक्यांनी धरून ठेवले जातात, आणि म्हणून ती पांघरणाऱ्याची काही कमी होत नाही. शैली कोऱ्या वस्तूपासूनच सुरू व्हावी, हा आग्रह दुकानदाराच्या सोयीचा आहे. दुसऱ्याच्या खुणा न पुसता त्यांत आपल्या खुणांची भर घालणे, याला आम्ही जीर्णोद्धार म्हणू. मग ती वस्तू देऊळ असो वा बॅग.