कायद्याचे शिक्षण आणि घरचा हातभार

आपल्या घरातील मुलगा अगर मुलगी, सून अगर जावई कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास दाखल झाला, म्हणजे घरात मोठा आनंद होतो. चाळीत पेढे वाटले जातात, नातेवाईक आतापासूनच 'वकीलसाहेब' म्हणून हाका मारू लागतात. हा आनंद योग्यच आहे. परंतु पहिले सत्र संपण्याच्या सुमारास त्याच घरात निराळी भाषा ऐकू येऊ लागते. "झेपत नाही", "नोकरी सांभाळावी की वर्ग?", "पुढच्या वर्षी बघू". आणि हे पुढचे वर्ष कित्येकांच्या बाबतीत कधी उजाडतच नाही. आपण ह्या गोष्टीकडे आजवर विद्यार्थ्याच्या जिद्दीचा प्रश्न म्हणून पाहात आलो. तो मुख्यतः वेळेच्या हिशोबाचा प्रश्न आहे, आणि तो हिशोब साऱ्या घराने एकत्र बसून मांडावयाचा आहे, हे आज आम्हांस आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

ठाण्याच्या नौपाड्याचेच उदाहरण घ्या. नौपाड्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला मोठी सोय आलेली आहे. रेल्वे स्थानक, जिल्हा न्यायालय आणि विद्या प्रसारक मंडळाचे १९७२ साली स्थापन झालेले टी. एम. सी. विधी महाविद्यालय ही तिन्ही ठिकाणे पायी जाण्याजोग्या अंतरावर आहेत. १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालयही ह्याच शहरात आहे. उलट, कल्याण-डोंबिवलीहून अगर त्याही पलीकडून येणारा विद्यार्थी लोकलच्या गर्दीत उभा राहून येतो आणि उभा राहूनच परत जातो. तरीही दोघांची तक्रार एकच, की वेळ पुरत नाही. यास्तव दोष केवळ अंतराचा नसून वेळेच्या वाटणीचा आहे, असे म्हणावे लागते.

आता आकडेच पाहू. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ साली केलेल्या नियमांत प्रत्येक सत्र किमान १५ आठवड्यांचे आणि आठवड्याचे वर्ग किमान ३० तासांचे असावेत, असे म्हटले आहे. त्यांपैकी २४ तास व्याख्यानांचे. प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरीची अट त्याच नियमांनी घातली. शिवाय अभिरूप न्यायालय, दिवाणी व फौजदारी खटल्यांचे निरीक्षण, दस्त व अर्ज यांच्या मसुद्यांचा सराव आणि तीन वर्षांत मिळून किमान १२ आठवड्यांची उमेदवारी. म्हणजे हे शिक्षण घरी पुस्तक वाचून परीक्षेस बसण्याचे नव्हे. हे कसब शिकण्याचे शिक्षण आहे, आणि कसब हजर राहूनच येते.

आठवड्याचे तास १६८. झोपेचे ४९ तास वजा करा; त्यात कपात करू नका, कारण अर्धवट झोपेने वाचलेले कलम सकाळी आठवत नाही. वर्गांचे ३० तास गेले. जाण्यायेण्याचे रोज दोन तास धरून सहा दिवसांचे १२ गेले. आंघोळ, जेवण, घरचे काम यांस रोज तीन तास धरले तर २१ गेले. राहिले ५६. विद्यार्थी अर्धवेळ नोकरी करून आठवड्याचे ३० तास देत असेल, तर हाती २६ तास उरतात. त्यांतून विश्रांती वगळून रोजचे दोन तास अभ्यास सहज निघतो. परंतु तोच विद्यार्थी पूर्णवेळ ४८ तास राबत असेल, तर साऱ्या आठवड्यात आठच तास उरतात, आणि कचेरीची वेळ व वर्गाची वेळ एकमेकींवर येते ती निराळीच. अशा विद्यार्थ्यास "मनावर घे म्हणजे जमेल" असे सांगणे म्हणजे आठ तासांत सव्वीस तास बसविण्यास सांगणे होय. तेथे उपदेश उपयोगी पडत नाही. तेथे घराने आपल्या मिळकतीचा व कामाचा फेरविचार करावा लागतो.

येथे आपल्या समाजातील एका चांगल्या प्रथेविषयी स्पष्ट बोलणे आम्हांस प्राप्त आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीस ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. शेकडो मुले एका जागी बसून वाचतात, हे दृश्य कोणालाही आनंद देईल असेच आहे. परंतु अठरा तासांचा तो एक दिवस हा अभिवादनाचा दिवस आहे. तो अभ्यासाची पद्धत नव्हे. कायद्याचा विद्यार्थी सत्रभर पुस्तक बाजूस ठेवून परीक्षेपूर्वी अठरा-अठरा तास बसू लागतो, तेव्हा तो त्या उपक्रमाचा चुकीचा अर्थ लावीत असतो. रोजचे दोन तास, आठवड्याचे सात दिवस, सत्राचे १५ आठवडे, असा गुणाकार केला तर २१० तास होतात. म्हणजे अठरा तासांचे अकरा दिवस भरून वर काही तास उरतात. पाच विषय धरले तरी प्रत्येकास ४२ तास मिळतात, आणि तेही ताज्या डोक्याने.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेचा दाखला आपण नेहमी देतो. तो पुरता द्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. १९१६ साली ते लंडनला अर्थशास्त्राच्या व बॅरिस्टरीच्या अभ्यासास लागले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांस परतावे लागले. परंतु परतण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळविली होती. १९१८ ते १९२० ह्या काळात सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, १९२२ साली बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली डी. एससी. ह्या कथेत अपार कष्ट आहेत, तसेच काटेकोर नियोजनही आहे. खंड पडला, पण परतीची वाट त्यांनी आधीच मोकळी ठेवली होती. तुमच्या घरातील विद्यार्थ्यास काही अडचणीमुळे एखादे सत्र थांबावे लागले, तर ती नामुष्की मानू नका. मात्र परत कधी व कशाच्या बळावर जावयाचे, हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा आणि महाविद्यालयाकडून नियम लेखी समजून घ्या.

त्या कथेची दुसरी बाजूही आहे. ते लंडनला वाचीत होते त्या वर्षांत मुंबईचा संसार माता रमाईंनी ओढला. एकाच्या अभ्यासाचे तास दुसऱ्या कोणाच्या तरी कष्टांतून येतात, ही गोष्ट कोणत्याही घराने विसरू नये. म्हणून आज घरची सून कायदा शिकत असेल, तर तिचे दोन तास कोठून येणार, ह्याचे उत्तर सासूबाईंनी, दिरांनी आणि विशेषतः तिच्या नवऱ्याने द्यावयाचे आहे. वर्ग सुटल्यावर स्वयंपाक, मग मुलांचा अभ्यास, मग भांडी आणि सारे निजल्यावर कायद्याचे पुस्तक, अशी तिची दिनचर्या असेल, तर ती उत्तीर्ण होईलही. परंतु तिच्या प्रकृतीची किंमत घेऊन होईल. जो न्याय आपण बाहेर मागतो, त्याचा आरंभ आपल्या चुलीपासून व्हावयास हवा.

आता अभ्यासाच्या पद्धतीविषयी विद्यार्थ्यांस चार शब्द. प्रथम मूळ कायदा वाचा, मग पाठ्यपुस्तक, मग निवाडा आणि सर्वांत शेवटी गाइड. आपल्याकडे क्रम उलटा झालेला दिसतो. कायद्याचे शब्द अवघड वाटतात, परंतु ते थोडे असतात. त्यांवरील टीका लांबलचक असते. रोज तीन-चार कलमे वाचून त्यांचा अर्थ स्वतःच्या मराठीत लिहून काढा. शासनाच्या भाषा संचालनालयाने केंद्रीय कायद्यांचे मराठी अनुवाद व 'न्यायव्यवहार कोश' प्रसिद्ध केले आहेत; त्यांचा आधार घ्या. मराठी माध्यमातून आलो म्हणून संकोच बाळगण्याचे कारण नाही. १९९८ पासून महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. इंग्रजी शिकावयाचीच आहे, पण उणेपणाच्या भावनेने नव्हे.

निवाडे वाचताना सारी पाने वाचण्याचा हट्ट धरू नका. केशवानंद भारती खटल्याचा १९७३ चा निकाल तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा अशा मतांनी दिला, आणि तो शेकडो पानांचा आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने वाद काय होता, प्रश्न काय होता, निर्णय काय झाला आणि त्याचे कारण काय, ह्या चार गोष्टी एका पानावर मांडल्या, तर ते पान परीक्षेस व पुढे न्यायालयातही उपयोगी पडेल.

थोरल्या भावाची अगर शेजाऱ्याची जुनी पुस्तके मिळाली म्हणून निश्चिंत राहू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली; ५११ कलमांची ३५८ झाली; खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. फौजदारी प्रक्रिया व पुरावा यांचे कायदेही त्याच दिवशी बदलले. मात्र त्या दिवसापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांस जुनी दंड संहिताच लागू आहे. म्हणून जुने पुस्तक टाकू नका, त्याच्या शेजारी नवे ठेवा आणि दोन्ही कलमांचा तक्ता स्वतःच्या हाताने तयार करा.

ओझे हलके करण्याचा आणखी एक उपाय आहे. शिकलेले कलम घरातील माणसास सांगावे. कुटुंब कायदा शिकताना आईवडिलांस सांगा, की १९५५ चा हिंदू विवाह कायदा त्याच्या दुसऱ्या कलमाने बौद्धांनाही लागू आहे. आपल्या विवाहाचे व घटस्फोटाचे हक्क त्यात आहेत. संविधान शिकताना सांगा, की १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांचा समावेश १९९० साली झाला, म्हणजे १९५६ च्या धर्मांतरानंतर तब्बल चौतीस वर्षांनी. नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबास ह्या दोन गोष्टी ठाऊक असणे अत्यंत निकडीचे आहे. ज्याने आईस समजेल असे कलम सांगितले, त्यास ते परीक्षेत आठवत नाही असे सहसा होत नाही.

घरातील वडीलधाऱ्यांनी कागदपत्रांचा भार उचलावा. जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला वेळेवर जमवून महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या कामी विद्यार्थ्याचे कित्येक दिवस जातात. ते काम दुसऱ्याने पत्करावे. पुढील खर्चाचीही वृथा धास्ती नको. सनद नोंदणीसाठी १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने ठरविलेली रक्कम सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये आहे, आणि त्याहून अधिक नोंदणी शुल्क राज्य बार कौन्सिलांनी घेऊ नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिला. हजारो रुपये लागतील ह्या ऐकीव भीतीने कोणीही शिक्षण सोडू नये.

शेवटी वस्तीचे कर्तव्य. १९४६ साली सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी ठेवण्यात आले, ते नोकरी करणाऱ्यांस शिकता यावे म्हणून. संस्थेने आपली वेळ विद्यार्थ्याच्या सोयीने बदलली, हा त्यातील बोध. आपल्या विहाराचे अगर समाजमंदिराचे सभागृह पहाटे साडेपाच ते साडेसात उघडे ठेवणे, तेथे चालू कायद्यांची एक फळी भरविणे आणि त्या दोन तासांत ध्वनिक्षेपक बंद ठेवणे, एवढे प्रत्येक वस्तीस शक्य आहे. जवळपासच्या वकिलांनी महिन्यातून एक रविवार तेथे येऊन बसावे. आम्ही आमचा रविवार देण्यास तयार आहोत.

अत्याचाराची फिर्याद, दाखल्याची पडताळणी, घराची अगर जमिनीची कागदपत्रे ह्या कामांसाठी आपल्या माणसांस रोज वकिलाच्या दाराशी जावे लागते. तेथे आपल्यातलाच एक शिकलेला, तयारीचा माणूस बसलेला असावा असे वाटत असेल, तर त्याच्या सनदेची वाट पाहात बसू नका. ह्याच रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसावे, १६८ तासांचा हिशोब कागदावर मांडावा, कोणाचे कोणते काम कोण घेणार ते नावानिशी लिहावे आणि तो कागद भिंतीवर लावावा. सत्र संपेपर्यंत तो उतरवू नये.