काम थांबवा? थांबा जरा!

भारतात बी.आर्क. करून कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नाव नोंदवलं की झालात आर्किटेक्ट. अमेरिकेत अनुभवाचे तास भरा, वर 'एआरई'चे सहा पेपर काढा. तिकडे नोकरी करणारी माझी मैत्रीण सध्या त्यातच अडकलीय. बिल्डिंगा उभ्या राहिल्या, पण कार्डावर 'आर्किटेक्ट' लिहायची अजून सोय नाही!

तिचा एक गुगली बघा. कॉन्ट्रॅक्टरचं काम ड्रॉइंगप्रमाणे नाही. आर्किटेक्टनं काय करावं? 'काम थांबवावं', आपण छातीठोक सांगणार. चूक! एआयएच्या स्टँडर्ड करारात तो हक्क मालकाचा. आर्किटेक्ट ते काम नाकारू शकतो.

म्हणजे फंडा सिंपल. आपल्या ऑफिसात काय चालतं ते विसरा, करार काय म्हणतो ते आठवा. ऑप्शन्सआधी प्रश्नाची शेवटची ओळ वाचा: 'सर्वात आधी' विचारलंय की 'यापैकी काय नाही'? 'चार निवडा'मध्ये तीनच बरोबर आले, तर मार्क शून्य. निगेटिव्ह मार्किंग नाही, सो रिकामं काही सोडू नका. आणि ब्रेकआधी पाहिलेले प्रश्न पुन्हा उघडत नाहीत. त्यांचा निकाल लावूनच कॉफीला उठा.

नाहीतर तोच पेपर पुन्हा द्यायला ६० दिवस थांबायचं. अनुभव हवाच हो. फक्त परीक्षेत त्याला जास्त बोलू देऊ नका.