मोह आवरायचा कशाला?

बँकेत कर्ज मागणाऱ्याला जशी पत लागते तशी फुलांनाही लागते, असं माझं ठाम मत आहे. गुलाबाची पत मोठी, मोगऱ्याची बरी आणि आमच्या मोहाची? थेट बुडीत खात्यात!

हे मत व्हायला निमित्त झालं लॅव्हेंडरचं. पुण्याला पुतण्याकडे गेलो असताना त्याने आम्हा उभयतांना लॅव्हेंडरच्या एका खास दुकानात नेलं. निम्मं दुकान, निम्मं कॅफे. साबण लॅव्हेंडरचा, उशी लॅव्हेंडरची, चहा लॅव्हेंडरचा, बिस्किटावरही तीच जांभळी फुलं. आमची ही कानाशी लागून म्हणाली, "अहो, न्हाणीत बसून चहा घेतल्यासारखं वाटून राह्यलं!" पुतण्या म्हणाला, "काका, ह्यानं मन शांत होतं." बिल पाहून मी शांत झालो हे खरं, पण ती शांतता निराळी.

तुम्ही म्हणाल, आता हा गृहस्थ लॅव्हेंडरला नावं ठेवणार. मुळीच नाही. हे फूल मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. पण जम्मूकडच्या भदरवाहमध्ये सरकारी शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांना रोपं दिली, तेल काढायची सोय केली आणि मका पेरणारे लोक लॅव्हेंडर लावू लागले. २०२२ साली तिथे लॅव्हेंडरचा उत्सवसुद्धा झाला. पत अशी वाढवावी लागते. माझं भांडण एवढंच, की लॅव्हेंडरकडे शास्त्रज्ञ गेला आणि मोहाकडे पोलीस!

आमचं मुकुटबन यवतमाळ जिल्ह्यातलं, झरी जामणी तालुक्यातलं. सिमेंटचा कारखाना, कापसाची शेतं आणि पलीकडे जंगल. मार्च-एप्रिलात पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. कोलाम बायाबापड्या आणि पोरंसोरं तो वाकून वाकून वेचतात. फुलं वाळवून खातात, बियांचं तेल काढतात. ह्या झाडाने आजवर पीककर्ज मागितलं नाही, युरिया मागितला नाही, फवारणी मागितली नाही, की कर्जमाफीच्या यादीत नाव घुसवलं नाही. असा खातेदार आमच्या बँकेत औषधालाही सापडायचा नाही. तरी त्याच्या नावाने नाकं मुरडायची!

का? तर म्हणे, त्याची दारू होते. अहो, मग द्राक्षांची काय बासुंदी होते? दारू गुळाचीही गाळतात. म्हणून वाण्याकडे गूळ मागताना तुम्ही कधी परवाना दाखवला आहे? पण इंग्रजांनी १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहफुलांसाठी खास कायदा केला. आमचा वऱ्हाड तेव्हा त्या इलाख्यात नव्हता, पण १९४९च्या दारूबंदी कायद्यात पुढे मोहफूल आलंच. फुलं साठवायला बंधन, न्यायला-आणायला बंधन. राज्य सरकारने ती सैल करायला २०२१ साल उजाडावं लागलं. म्हणजे कागदावरची बेडी निघाली, डोक्यातली तशीच आहे.

दारूने संसार धुळीला मिळतात, हे मला मान्य आहे. पगाराच्या दिवशी काउंटरवर बसणाऱ्याला ते कुणी सांगायला नको. पण भट्टीवाल्यालाच फूल विकावं लागतं, कारण दुसरं गिऱ्हाईक नसतं. लाडवाला भट्टीपेक्षा चांगला भाव मिळाला, तर भट्टीकडे फूल कोण नेईल?

कुणी म्हणेल, मोहाचा वास उग्र. लॅव्हेंडरचा वास मला पहिल्या घोटाला फिनेलसारखाच आला होता. पैसे मोजल्यावर त्याचा सुगंध झाला!

तेव्हा माझं म्हणणं असं, की मुकुटबनच्या बाजारात मोहाचं एक खास दुकान निघावं. मोहाचे लाडू, मोहाचा मुरंबा, मोहाच्या तेलाचा साबण आणि बसायला चार खुर्च्या. मालकी पुण्या-नागपूरच्या शेठजीची नको, फुलं वेचणाऱ्या बायकांच्या बचत गटाची हवी. कर्जाचा अर्ज त्यांनी खुशाल माझ्या टेबलावर आणावा. तो फायलींच्या ढिगात सगळ्यात वर राहील, एवढं एका कारकुनाच्या हातात नक्कीच आहे.

मोह आवरा, असं साधुसंत सांगून गेले. पण ते निराळ्या मोहाबद्दल. हा मोह वेचावा, वाळवावा आणि ताठ मानेने विकावा!