वाटसरूच्या निवाऱ्यात काय ठेवून यावे?



तलमडुगु आणि आसपासच्या गावांतली आपली काही मुले आता पुणे, मुंबई, हैदराबाद इथे शिकायला किंवा नोकरीला आहेत. सुट्टी मिळाली की ती मित्रांबरोबर सह्याद्रीतले किल्ले चढतात. त्यांच्यातल्या काहींनी आम्हा धर्मशिक्षकांना एक प्रश्न विचारला आहे. किल्ल्यावर मुक्काम पडतो त्या गुहेत, देवळात किंवा शेडमध्ये शुभवर्तमानाच्या चार पुस्तिका, येशूचे एखादे चित्र, एखादी जपमाळ ठेवून आलो तर चालेल का? पुढे येणारा कोणीतरी उचलेल, वाचेल, त्याला प्रभू भेटेल.

प्रश्न चांगल्या मनाने विचारला आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. ठेवू नये. पण नुसते नको म्हणून भागत नाही. का नको, आणि मग काय करावे, हे सांगितले पाहिजे.

पहिली गोष्ट, तो निवारा कोणाचा आहे? राजगडावर ट्रेकर मुक्काम करत आले ते पद्मावतीच्या देवळात. तोरण्यावर रात्र काढत आले ती मेंगाईच्या देवळात. हरिश्चंद्रगडावरच्या गुहा देवळालगतच्या आहेत. आपल्याला ते पाठ टेकायचे ठिकाण वाटते, पण गावकऱ्यांसाठी ती देवाची जागा आहे. त्यांनी आपल्याला जात, धर्म, गाव न विचारता आत झोपू दिले. ज्याच्या ओसरीवर रात्र काढली त्याच्याच ओसरीत, तो नसताना, त्याच्या देवाच्या जागी आपल्या देवाचा कागद ठेवून निघून जायचे, याला आमच्या घरात पाहुणचाराची परतफेड म्हणत नाहीत.

हे दुरून समजत नसेल तर आपल्या जिल्ह्यातच पाहा. इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. त्याआधी मेस्राम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी आणायला हस्तिनामडुगूपर्यंत पायी जातात, परतल्यावर केसलापूरच्या वडाखाली उतरतात. त्या वडाखाली आपण पत्रके ठेवून आलो तर आपल्या गोंड शेजाऱ्यांना काय वाटेल? आणि उलट विचारा. आपल्या चर्चच्या व्हरांड्यात पावसात अडकलेल्याला आपण निजायला जागा दिली, सकाळी तो गेला आणि वेदीच्या पायरीवर त्याच्या पंथाची पुस्तके सापडली, तर आपल्याला काय वाटेल? लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्यांच्याशी वागावे, ही शिकवण आपण पहिल्या पवित्र भोजनाच्या मुलांकडून पाठ करून घेतो. ती डोंगरावरही लागू आहे.

दुसरी गोष्ट, तिथे येणारा माणूस. दिवसभर चालून, भिजून, भुकेने कावलेला माणूस निवाऱ्यात येतो. त्याच्याजवळ दुसरा पर्याय नसतो. अशा वेळी त्याच्यासमोर उपदेश ठेवला तर नकळत तो उपदेश त्या निवाऱ्याचे भाडे होतो. 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात ख्रिस्तसभेने सर्वांनाच बजावले आहे, की श्रद्धेचा प्रसार करताना सक्तीचा किंवा अनुचित रीतीने मन वळवण्याचा वासही येऊ नये, विशेषतः समोरचा गरीब किंवा अशिक्षित असेल तेव्हा. निवारा हा निवाराच राहू द्यावा. त्याच्या बदल्यात काही मागू नये, लक्षसुद्धा नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त बोचते. रविवारी मिस्सामध्ये शुभवर्तमान वाचले जाते तेव्हा आपण उभे राहतो. फादर त्या पुस्तकाचे चुंबन घेतात. कपाळावर, ओठांवर, छातीवर आपण क्रूसाची खूण करतो. तेच शुभवर्तमान गुहेच्या कोपऱ्यात ठेवून आपण गड उतरतो. मग पुढे काय होते? उंदीर कुरतडतात. पावसाळ्यात पाने फुगून एकमेकांना चिकटतात. कोणाची चूल पेटत नसते, तो दोन पाने फाडून काडी लावतो, आणि थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला त्यासाठी दोष तरी कसा द्यायचा? चित्राची काच फुटते, जपमाळेचा दोरा तुटतो, मेणबत्तीच्या काजळीने दगड काळा पडतो. काही महिन्यांनी गडाची साफसफाई करणारी मुले ते सगळे गोणीत भरून खाली आणतात. त्यांच्या लेखी तो कचरा असतो, आणि त्यांचे काही चुकत नाही.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत ॲपलेशियन ट्रेल नावाची पायवाट आहे, जॉर्जियापासून मेनपर्यंत 14 राज्यांतून जाणारी, सुमारे 3,500 किलोमीटरची. तिच्यावर जागोजागी तीन भिंतींचे लाकडी निवारे आहेत. तिथेही लोक धार्मिक पुस्तिका ठेवून जातात, आणि त्याबरोबर उरलेले तांदूळ, जुने बूट, नको झालेली भांडी. ठेवणाऱ्याला वाटते पुढच्याच्या उपयोगी पडेल. उंदीर आणि अस्वले तेवढी खूश होतात. वाट सांभाळणारे स्वयंसेवक मात्र ते पाठीवर घालून खाली आणतात. तिकडे रानवाटेने जाणाऱ्यांना एक नियम शिकवतात, की आपण आलो होतो याची खूणही मागे राहू नये. आपल्याला हा नियम नवा वाटायला नको. प्रभूने डोंगरावर पाच हजारांना जेवू घातले, आणि जेवणे झाल्यावर शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले. बारा टोपल्या भरल्या. ज्याला पाच भाकरींतून एवढे अन्न करता येत होते त्याला उरलेल्या तुकड्यांची काय पर्वा असावी? तरी त्याने कुरणावर काही टाकून दिले नाही.

आता कोणी म्हणेल, मग पेरणाऱ्याच्या दाखल्याचे काय? त्याने तर वाटेवर, खडकावर, काट्यांत, सगळीकडे बी टाकले. बरोबर. पण आपण आदिलाबादचे कापूसवाले लोक, आपल्याला शेत कळते. तो पेरणारा स्वतःच्या शेतात पेरत होता, आणि वाट त्या शेतातून जात होती. शिवाय तो स्वतः पेरायला निघाला होता. बियाण्याची पिशवी दुसऱ्याच्या बांधावर ठेवून तो घरी गेला नाही.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे, आणि तो आपल्याच मराठी ख्रिस्ती इतिहासातला आहे. 1880 साली लग्न झाल्यावर पंडिता रमाबाई आसामातल्या सिलचरला राहत होत्या. तिथे त्यांना आपल्या पुस्तकांत एक छोटी पुस्तिका सापडली, संत लूकच्या शुभवर्तमानाचे बंगाली भाषांतर. ती तिथे कशी आली हे त्यांनाही माहीत नव्हते. त्यांनी ती आवडीने वाचली. पुढे 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि आयुष्याच्या अखेरीस केडगावला बसून त्यांनी सबंध बायबल मराठीत आणले. म्हणजे कोणीतरी कुठेतरी ठेवलेल्या एका पुस्तिकेचे केवढे झाड झाले! नारायण वामन टिळकांचेही तसेच. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो गृहस्थ कोण होता हे त्यांना पुढेही कळले नाही.

मग आपण पुस्तिका ठेवायला का नको म्हणावे?

या दोन्ही गोष्टी नीट वाचा, बंधूंनो. आगगाडीतल्या त्या गृहस्थाने नवा करार बाकावर विसरल्यासारखा ठेवला नाही. तो आधी टिळकांशी बोलला, त्यांचे ऐकले, मग हातात दिला. रमाबाईंना पुस्तिका सापडली खरी, पण ती त्यांच्या घरात, त्यांच्या पुस्तकांत होती, आणि त्या वाचू लागल्या तेव्हा सिलचरमधले ॲलन नावाचे मिशनरी त्यांच्या घरी येऊन उत्पत्तीचा पहिला अध्याय समजावून सांगत असत. दोन्हीकडे पुस्तकाबरोबर माणूस आहे. प्रेषितांच्या कृत्यांतही हेच आहे. यरुशलेमहून गाझाकडे जाणाऱ्या ओसाड वाटेवर इथिओपियाचा कोषाधिकारी रथात बसून यशया वाचत होता. पुस्तक त्याच्या मांडीवरच होते. समजते का, असे फिलिपने विचारले तेव्हा तो म्हणाला, कोणी सांगितल्याशिवाय कसे समजेल? देवाने त्या वाटेवर दुसरे पुस्तक पाठवले नाही. फिलिपला पाठवले, धावत.

हॉटेलच्या खोलीत बायबल ठेवणाऱ्या गिडियन्सचे उदाहरणही आपल्याला कोणी देतात. 1908 साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या एका हॉटेलापासून ती प्रथा सुरू झाली. पण तिथे मालकाची परवानगी असते, ठेवायला खण असतो, फाटले तर नवे द्यायला माणूस असतो. चोरून ठेवणे आणि विचारून ठेवणे यांत फरक आहे.

आता आमचे म्हणणे एका वाक्यात सांगतो. ज्याची जबाबदारी आपण पुढेही घेणार आहोत तेच निवाऱ्यात ठेवावे.

हे आम्ही मनचे सांगत नाही. शुभवर्तमानात वाटेवरच्या निवाऱ्यात काहीतरी ठेवून जाणारा एक माणूस आहे, तो चांगला शोमरोनी. त्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेले, रात्रभर त्याची सेवा केली, आणि सकाळी निघताना दोन दीनार ठेवले. तेही खोलीत नाही, उतारशाळेच्या रखवालदाराच्या हातात. वर सांगून गेला, की अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. शोमरोनी आणि यहुदी यांचे धर्मावरून किती वैर होते हे आपण जाणतो. पुढचा माणूस बेशुद्ध, असहाय. आपल्या डोंगरावरची उपासनाच कशी खरी हे पटवून द्यायला याहून चांगली संधी त्याला कधी मिळाली असती? त्याने तेल, द्राक्षारस आणि पैसे दिले, आणि परत येण्याचा शब्द दिला. आणि प्रभूने सांगितले, तूही जाऊन तसेच कर.

संत पौलही वस्तू मागे ठेवून गेला होता. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो कळवतो, की त्रोवसात राहिलेला झगा आणि पुस्तके येताना घेऊन ये. झगाही आहे आणि ग्रंथही आहेत, पण ते कार्प नावाच्या माणसाजवळ ठेवलेले आहेत. कोणाजवळ ठेवले ते माहीत आहे, म्हणून परत मागता येतात.

तेव्हा डोंगरावर जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमचे सांगणे असे.

वर नेलेली प्रत्येक वस्तू खाली आणा, आणि दुसऱ्याच्या दोन आणा. निघताना जागा झाडून घ्या. रखवालदार, गुरव किंवा गावची मावशी असेल तर तिला विचारा, इथे काय कमी आहे? झाडू हवा असेल, पाण्याच्या टाक्याजवळ बादली हवी असेल, औषधाची पेटी हवी असेल. पुढच्या वेळी ते घेऊन जा आणि तिच्या हातात द्या. त्यावर क्रूस काढू नका, धर्मग्रामाचे नाव लिहू नका.

शुभवर्तमान तुमच्या स्वतःच्या पिशवीत ठेवा. रात्री सगळे निजल्यावर एक उतारा वाचा, पहाटे प्रार्थना करा. कोणी विचारले, तू काय वाचतोस, तर लाजू नका, सांगा. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर द्यायला तयार असावे, असे संत पेत्र सांगतो. विचारणारा आधी असतो, उत्तर नंतर. त्याला वाचावेसे वाटले तर तीच प्रत त्याच्या हातात द्या, आपला नंबर द्या, आणि फोन आला तर उचला.

घरात जुनी बायबले, तुटक्या जपमाळा, फिकट झालेली चित्रे साठली असतील म्हणून ती कुठेतरी सोडून यावीत असे वाटत असेल, तर ती चर्चमध्ये आणून द्या. आशीर्वादित वस्तू आदराने जाळाव्यात किंवा पुराव्यात अशी ख्रिस्तसभेची रीत आहे. नको झालेले ओझे दुसऱ्याच्या दारात ठेवून त्याला दान म्हणू नये.

काहींना यात भित्रेपणा दिसेल. दिवस असे आहेत म्हणून तुम्ही मुलांना गप्प बसवता, असे ते म्हणतील. आम्हाला उलट वाटते. पत्रक ठेवून अंधारात उतरून जाणे सोपे आहे. तिथे कोणी तोंडावर प्रश्न विचारत नाही, कोणी हसत नाही. त्याच गुहेत अनोळखी माणसाला आपल्या वाटणीची भाकर देणे, त्याच्या पायाच्या फोडाला पट्टी बांधणे आणि त्याने विचारले तर डोळ्याला डोळा देऊन प्रभूचे नाव सांगणे, याला जास्त धीर लागतो. शब्द देह झाला, असा आपला विश्वास आहे. त्याचा पुन्हा नुसता कागद करू नये.

हे प्रभू, तुला डोके टेकायला जागा नव्हती, तरी तुझ्याजवळ येणाऱ्याला विसावा मिळाला. आमची मुले जिथे जिथे रात्रीचा आसरा घेतील तिथे त्यांच्यामागे स्वच्छ जागा आणि चांगली आठवण राहू दे. आमेन.